बिघडलेला सिनेमा आणि आपलं हसू

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस व्याख्यानाला ‘गुंडा’ हा विषय घेतो, याचं काहींना नवल वाटलं असेल. संयोजकांनीही आम्हाला दोनदा विचारून खात्री करून घेतली. पण विषय वाटतो तितका हलका नाही. एखादी गोष्ट वाईट बनली आहे हे डोळ्यांना स्वच्छ दिसतं, तरी ती पुन्हा पुन्हा का बघावीशी वाटते? हा पहिला प्रश्न. दुसरा त्याहून अवघड आहे. ती बघताना आपण जे हसतो, ते नेमकं कशाला हसतो? आज या दोन प्रश्नांपुरतंच बोलू.

ज्यांनी ‘गुंडा’ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हा १९९८ सालचा हिंदी चित्रपट. दिग्दर्शक कांती शाह, संवाद बशीर बब्बर यांचे, नायक मिथुन चक्रवर्ती. नायकाचं नाव शंकर, धंदा हमालीचा. त्याची गाठ पडते बुल्ला नावाच्या गुंडाशी, आणि बुल्ला झालेत मुकेश ऋषी. मग शंकरच्या घरच्यांचे खून होतात आणि शंकर एकेकाला गाठून सूड घेतो. बस, गोष्ट एवढीच. बुल्लाच्या भोवतीची मंडळी बघा: हरीश पटेल यांचा इबू हटेला, इशरत अली यांचा लंबू आटा आणि आपले मोहन जोशी यांचा पोते. आपल्या भंडाऱ्यात ‘पोते’ म्हटलं की धानाचं पोतं आठवतं, तेव्हा इथला प्रेक्षक नाव ऐकूनच अर्धा गार होतो. शक्ती कपूर यांच्या पात्राचं नाव मात्र या व्यासपीठावरून घेता येणार नाही. ज्यांना माहीत आहे ते आत्ता हसतायत, बाकीच्यांनी शेजाऱ्याला विचारू नये.

आता ही नटमंडळी काही ऐरीगैरी नव्हेत. मोहन जोशी म्हणजे मराठी रंगभूमीवर नाव कमावलेला नट, पुढे अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेचे अध्यक्ष झाले. मुकेश ऋषी यांनी लगेच पुढच्या वर्षी ‘सरफरोश’मधला इन्स्पेक्टर सलीम केला, तो आजही लोकांच्या लक्षात आहे. हरीश पटेल २०२१ साली ‘इटर्नल्स’ या हॉलिवूडच्या चित्रपटात दिसले. म्हणजे कलावंतांना काही येत नव्हतं म्हणून चित्रपट बिघडला, असं म्हणता येत नाही. मग तो बिघडला कशानं?

आधी दोष मोजू. एका प्रसंगाचा दुसऱ्याशी सांधा नाही. माणूस एका जागी बोलायला लागतो आणि दुसऱ्याच जागी त्याला उत्तर मिळतं. चार खलनायक एकमेकांशी बोलतायत असं आपण समजायचं, पण चौघं एका चौकटीत क्वचितच दिसतात. ओठ एक म्हणतात, आवाज दुसरं म्हणतो. गुंडांच्या बैठका उघड्यावर भरतात, जणू भाड्यानं खोली मिळाली नाही. शेवटच्या मारामारीत ऑटोरिक्षांचा ताफा चालून येतो आणि नायक रॉकेट लाँचर काढून एकेक रिक्षा उडवतो. हमालाकडे रॉकेट लाँचर कुठून आला, हे विचारायला कुणी थांबत नाही.

यातल्या बहुतेक दोषांच्या मुळाशी हिशोब आहे. तो जरा समजून घ्या. त्या काळी चित्रपट ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर काढत. सेकंदाला २४ चित्रं, आणि एका फुटात १६ चित्रं बसतात. म्हणजे सेकंदाला दीड फूट, मिनिटाला ९० फूट. हजार फुटांचं रीळ जेमतेम अकरा मिनिटं चालतं. दोन तासांच्या चित्रपटाला १०,८०० फूट फिल्म पडद्यावर लागते. प्रत्येक दृश्य पाच वेळा घेतलं तर ५४,००० फूट विकत आणावी लागते, दोनदाच घेतलं तर २१,६०० फुटांत भागतं. कोरी फिल्म महाग, ती धुण्याचा खर्च वेगळा. ज्याच्या हातात पैसा थोडा, तो पुन्हा टेक घेत नाही. नट अडखळला तरी चालवून घेतो. नाही तरी सगळे संवाद पुढे स्टुडिओत डब करायचेच असतात. एका नटाची तारीख सोमवारी, दुसऱ्याची गुरुवारी; दोघांना वेगवेगळं टिपायचं आणि टेबलावर जोडून टाकायचं. म्हणून ते चौघं एका चौकटीत येत नाहीत.

हा माल विकला कसा जायचा, तेही पाहा. चित्रपट-व्यवसायानं देशाचे इलाखे पाडलेले आहेत. त्यात आपल्या इलाख्याचं नाव आहे ‘सी.पी. बेरार’. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा प्रांत त्या नावानं १९५० साली संपला. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. सरकारी कागदावरून नाव पुसलं गेलं, पण सिनेमाच्या धंद्यात ते टिकून राहिलं. आणि भंडारा त्याच इलाख्यात. मोठ्या शहरातल्या चांगल्या थिएटरात अशा चित्रपटाला जागा नसे. त्याचा भरवसा आपल्यासारख्या जिल्ह्यांवर, तालुक्याच्या गावांवर. इलाख्याचे हक्क घेणारा वितरक कथा विचारत नसे. हिरो कोण, मारामाऱ्या किती, गाणी किती, आणि ‘तसली’ दृश्यं किती, एवढं विचारे. ही शेवटची बाब लक्षात असू द्या, आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

दोष झाले. आता गोडी कशात आहे? ‘गुंडा’ आला तेव्हा शहाण्या प्रेक्षकानं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पुढे काही वर्षांनी इंजिनीअरिंगच्या वसतिगृहांतल्या पोरांनी तो उचलला. सीडीवरून, मग इंटरनेटवरून तो हातोहात फिरला आणि त्याचे संवाद पाठ असणं हा मानाचा भाग झाला. पाठ का झाले? कारण ते यमकात आहेत. या चित्रपटात खलनायक येतो तो आपली ओळख आपणच, तुकबंदीत, करून देतो. नाव सांगतो, नावाला यमक जुळवतो, कर्तृत्व सांगतो आणि मग कामाला लागतो.

शहरातल्या पोरांना हे विचित्र वाटलं. आपल्या झाडीपट्टीतल्या माणसाला ते मुळीच विचित्र वाटू नये. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात धान निघालं की मंडई भरते, शंकरपट होतात, रात्रभर नाटकं रंगतात, दंडार आणि खडीगंमत होते. २०२३ साली झाडीपट्टीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या पुष्कळांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. या सगळ्या लोकरंगभूमीची एक जुनी रीत आहे. सोंग येतं आणि आपण कोण ते आपल्याच तोंडानं सांगतं. एकनाथांच्या भारुडातला जोशी असाच येतो, वासुदेव असाच येतो. कोकणात दशावतारातला राक्षस आरडाओरडा करत येतो, तोही आपला पराक्रम आपणच गातो. मंडपात मागं बसलेल्या माणसाला चेहरा नीट दिसत नाही, कुणी उशिरा आलेला असतो, कुणाचा मध्येच डोळा लागलेला असतो. त्याला एका दमात कळलं पाहिजे की आला तो कोण.

‘गुंडा’ची अडचण अगदी हीच होती. पात्रं ढीगभर, वेळ थोडा, फिल्म थोडी. नवं तोंड आलं की एका शॉटमध्ये त्याची ओळख व्हायला हवी. मग लेखकानं सर्वांत स्वस्त उपाय काढला, यमक. लोकरंगभूमी त्याच गरजेतून त्याच उपायावर शेकडो वर्षांपूर्वी पोचली होती. लेखकाला याचं भान होतं की नव्हतं, हा वेगळा प्रश्न आहे. पण ऐकणाऱ्याच्या कानाला ती जुनी लय ओळखीची वाटते, आणि आमच्या मते या चित्रपटाच्या विचित्र गोडीचा निम्मा भाग इथंच आहे.

उरलेला निम्मा भाग समजायला थोडं शास्त्राकडे जाऊ. घाबरू नका, लांबवणार नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याची उत्पत्ती शृंगारातून सांगितली आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी काश्मीरच्या अभिनवगुप्तानं हा विचार पुढे नेला. त्याचं म्हणणं असं, की फक्त शृंगारच का? कुठलाही रस अस्थानी आला, त्याचं औचित्य सुटलं, की त्याचा ‘आभास’ होतो, आणि रसाच्या आभासातून हास्य निपजतं. शिंपल्यावर चांदीचा भास होतो, तसा हा रसाचा भास. क्षणभर आपण फसतो, मग ध्यानात येतं की चांदी नाही, शिंपला आहे.

आता बुल्लाचा विलाप घ्या. चित्रपटात सुरुवातीलाच लंबू आटा बुल्लाच्या बहिणीवर, मुन्नीवर, बलात्कार करून तिचा खून करतो. बुल्ला तिच्या प्रेताशी बसून शोक करतो. प्रसंग करुण रसाचा आहे. नट कसलेला आहे, आणि तो मनापासून रडतो. पण बुल्ला शोकही यमकात करतो! करुणाची सगळी सामग्री हजर, आणि तोंडातून निघते ती तुकबंदी. रस आभास झाला, आणि प्रेक्षक खो खो हसला. अभिनवगुप्ताला वर्गात शिकवण्यासाठी याहून चोख उदाहरण आम्हाला तरी सापडलेलं नाही.

इथं एक गोष्ट नोंदवून ठेवा. बुल्ला मुद्दाम वाईट रडला असता तर आपल्याला हसू आलं नसतं. अमेरिकेच्या सुसान सोंटॅग या विदुषीनं १९६४ साली ‘कॅम्प’ या अभिरुचीवर निबंध लिहिला. त्यातला एक मुद्दा असा, की या प्रकारची खरी गोडी अजाणतेपणी येते. करणाऱ्यानं गंभीरपणे काही करायला घेतलेलं असतं आणि ते फसतं. म्हणूनच आज काही लोक ठरवून ‘वाईट’ चित्रपट काढतात ते फिके लागतात. त्यात फसणारा कुणी नसतोच, नुसता डोळा मारणारा असतो.

आपल्याच राज्यात मालेगावचं उदाहरण आहे. तिथं शेख नासिर आणि त्यांच्या सोबत्यांनी २००० च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ काढला. पैसा नाही, साधनं नाहीत. सायकलची ट्रॉली केली, बैलगाडीची क्रेन केली. यंत्रमागावर काम करणारा कामगार हिरो झाला. फैजा अहमद खान यांनी या मंडळींवर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला, तो जरूर बघा. ते चित्रपट तंत्रानं कच्चे आहेत, आपण भरपूर हसतो, आणि हसून झाल्यावर मनाला काही टोचत नाही. म्हणजे गरिबी हा गुन्हा नाही. कच्चं तंत्र हाही गुन्हा नाही. ‘गुंडा’ बघून मात्र काही जणांना टोचतं. कुठं टोचतं, ते आता पाहू.

अभिनवगुप्तानं रसाभासाचं उदाहरण दिलं आहे ते रावणाचं. सीतेवरचं रावणाचं प्रेम. प्रेमाची सगळी लक्षणं त्याच्यात आहेत. तो झुरतो, तळमळतो, गोड बोलतो. पण समोरच्या बाईला तो नको आहे, म्हणून तो शृंगार नव्हे, शृंगाराचा आभास. आणि विचार करणाऱ्याला त्याचं हसू येतं. बरोबर आहे. पण हसू कुणाचं येतं? रावणाचं. अशोकवनात बसलेल्या सीतेला कुणी हसत नाही. तिचं दुःख खरं आहे, तिथं आभास नाही. रावणाचं हसू येण्यासाठी सीता खरी असावी लागते. तिचा नकार आपण ऐकलेला असतो, म्हणून तर रावण हास्यास्पद ठरतो.

‘गुंडा’त ही सीताच गायब आहे. बघा, खलनायकाची बहीण मारली जाते, नायकाची बहीणही मारली जाते. दोघींवर आधी अत्याचार होतो. दोघींचं काम काय? एकीनं मरून खलनायकाला रडायचं कारण द्यायचं, दुसरीनं मरून नायकाला सूडाचं कारण द्यायचं. त्यांना काय वाटलं, त्या कोण होत्या, त्यांना काय आवडायचं, याला एक फूटही फिल्म खर्ची पडत नाही. अत्याचाराच्या दृश्यांना मात्र पडते. फिल्म महाग होती असं मघाशी आपण म्हणालो. मग जिथं काटकसर केली नाही, तिथं माल विकायचा होता. वितरकाच्या यादीतली ती शेवटची बाब आठवा. ‘एक्स्प्लॉयटेशन’ हा शब्द इंग्रजीत या जातीच्या चित्रपटांना लावतात. आपण साध्या मराठीत म्हणू, दुसऱ्याच्या यातनेचं तिकीट लावणं.

म्हणून ‘वाईट चित्रपट’ या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात, त्या सोडवल्या पाहिजेत. एक, बिघडलेलं. दुसरं, नासवलेलं. ऑटोरिक्षांचा ताफा, न जुळणारे ओठ, यमकातला शोक ही बिघडलेली बाजू. तिला हसा, खुशाल हसा, तिच्यात माणसाची धडपड दिसते. अत्याचाराची दृश्यं हा काही तंत्राचा बिघाड नाही. ती जशी हवी होती तशीच उतरली आहेत. आणि गोम अशी, की पहिल्या बाजूचं हसू दुसरीवर पांघरूण घालतं. एकदा ‘सगळंच गमतीचं आहे’ असं ठरलं, की तेही गमतीचं होऊन जातं.

हे पुस्तकी वाटत असेल तर रोजच्या व्यवहारात बघा. या चित्रपटाचे संवाद वसतिगृहात, ऑफिसच्या ग्रुपवर फिरतात. पुष्कळ संवाद बायकांच्या शरीरावरचे आहेत. तिथं एखादी मुलगी हसली नाही, तर तिला सांगतात, तुला विनोद कळत नाही. तिला विनोद कळतो. तिला आणखीही काही कळतं, जे हसणाऱ्यांच्या नजरेतून सुटलं आहे. त्या खोलीत सीतेच्या जागेवरून बघणारी ती एकटी असते.

यावर कुणी म्हणेल, की प्रेतं, भुतं, पळवलेली नायिका हे विषयच हीन, सभ्य माणसानं त्यांच्या वाटेला जाऊ नये. हेही खरं नाही, आणि पुरावा आपल्याच मातीत आहे. आठव्या शतकातला नाटककार भवभूती आपलं कूळ पद्मपूरचं सांगतो. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचं पदमपूर असं दाखवलं. आमगाव आज गोंदिया जिल्ह्यात आहे, पण १९९९ साली जिल्हा वेगळा होईपर्यंत ते आपल्या भंडाऱ्यातच होतं. तिथल्या महाविद्यालयाला भवभूतीचं नाव आहे.

या भवभूतीच्या ‘मालतीमाधव’चा पाचवा अंक काढा. रात्रीचं स्मशान. प्रेमात निराश झालेला माधव पिशाचांना देण्यासाठी माणसाचं मांस घेऊन हिंडतो आहे. तेवढ्यात किंकाळी ऐकू येते. अघोरघंट नावाचा कापालिक मालतीला चामुंडेपुढे बळी द्यायला निघाला आहे. माधव ऐन वेळी धावतो आणि तिला सोडवतो. सांगा बरं, कांती शाह यांच्या कुठल्या चित्रपटात याहून जास्त मसाला आहे? सामग्री तीच आहे. पण भवभूती मालतीला बोलू देतो. मरणाच्या दारात ती वडिलांना हाक मारते, माधवाला हाक मारते. बळीच्या वेदीवरही ती माणूस राहते, म्हणून त्या भीषण प्रसंगात आपला जीव तिच्यासाठी तुटतो, आणि प्रेक्षकाला कुठंही लाज वाटत नाही. फरक विषयाचा नाही. जिच्यावर बेतलं आहे तिला आवाज दिला की नाही, एवढाच आहे.

मग करायचं काय? ‘गुंडा’वर बंदी घाला असं आम्ही म्हणत नाही, आणि बघू नका असंही म्हणत नाही. शिवाय तुम्ही ऐकणार नाही, तो भाग वेगळा. आमचं म्हणणं एवढंच, की हसू आलं की एक क्षण स्वतःला विचारावं: हे हसू कुणावर पडतंय? करणाऱ्याच्या फजितीवर की भोगणाऱ्याच्या यातनेवर? पहिलं असेल तर पोट धरून हसा. दुसरं असेल तर हसू आपोआप ओसरतं, ते दाबावं लागत नाही. आणि मित्रांसोबत बघत असाल, तर शेजारी कोण हसत नाहीये तिकडेही एकदा बघा. चित्रपटानं जिला बोलू दिलं नाही, तिच्या वतीनं ती गप्प बसलेली असू शकते.

प्रश्नोत्तरांना पंधरा मिनिटं ठेवली आहेत. शक्ती कपूर यांच्या पात्राचं नाव सोडून काहीही विचारा.